लालबागचा फिटर आणि चौपाटीचे विमान



आमचे स्नेही तात्या गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचे नाव आपणांपैकी कोणी ऐकले असण्याचा संभव नाही, कारण ते कोणत्याही व्यासपीठावर कधी बसले नाहीत. लालबागच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात ते फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धड अशी चालली नाही, आणि तात्यांनी पुढची वर्षे मिळेल ती दुरुस्तीची कामे करून काढली. मात्र विमानविद्येच्या इतिहासाविषयी या शहरात ज्यांच्याशी मनसोक्त बोलावे असे जे दोन-तीन गृहस्थ आम्हांस भेटले, त्यांत तात्यांचा क्रम पहिला. आज या वसंत व्याख्यानमालेत जो विषय आम्ही मांडणार आहोत, तो खरे पाहता त्यांचाच आहे. शिवाय त्यात आमची स्वतःची एक जुनी चूक दुरुस्त करावयाची आहे. ती कोणती, हे ओघाने येईलच.

आमची त्यांची पहिली भेट जुहूला झाली, तीही कुंपणाच्या बाहेर. दिवस १५ ऑक्टोबर १९८२ चा. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ साली त्याच तारखेस, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान जुहूला उतरविले होते. तेथून ते विमान नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतातील नियमित हवाई टपालाची ती सुरुवात होय. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानाजवळ आणले गेले होते, ही गोष्ट तात्यांना फार आवडे. त्या फेरीची पन्नाशी साजरी करण्यासाठी जे. आर. डी. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एकटे कराचीहून निघाले होते. आम्ही शाळेतून रजा काढून गेलो होतो. शेजारी एक खाकी विजार घातलेला मनुष्य, संपकरी गिरणी कामगार हे उघडच होते, कुंपणाच्या तारेला नाक लावून उभा होता. विमान टेकले. आम्ही भारावून म्हणालो, “तेच पस मॉथ!” तो मनुष्य आमच्याकडे न पाहताच म्हणाला, “पस मॉथ नाही मास्तर, लेपर्ड मॉथ. चाकांच्या पट्ट्या बघा.”

आम्ही मास्तर आहोत हे त्यांस कसे कळले, हे आम्ही पुढे विचारले. “कोटाला खडू होता,” ते म्हणाले.

अशा रीतीने जे नाते जमले ते चाळीस वर्षे टिकले. मध्ये एक वर्ष मात्र तुटले. दर रविवारी आम्ही गिरगावातून लालबागला जावयाचे किंवा तात्यांनी आमच्या खोलीवर यावयाचे, असा परिपाठ पडला. कधी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गाठ पडे. तात्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी त्यांनी यंत्रांच्या माहितीपुस्तकांवरून कमावले होते, त्यामुळे त्यांस क्रँकशाफ्टवरील परिच्छेद सहज कळे आणि प्रस्तावना मुळीच कळत नसे. प्रस्तावना आम्ही वाचून दाखवीत असू.

विमानाचा इतिहास म्हटला की आपण राइट बंधूंपाशी सुरुवात करतो. तात्या सुरुवात करीत चार्ल्स टेलरपाशी. हा टेलर राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातील मेकॅनिक. त्या दोघा भावांनी पंखांचा अभ्यास केला, वाऱ्याच्या बोगद्यात शेकडो आकार तपासले, परंतु पुरेसे हलके इंजिन त्यांस बाजारात मिळेना. तेव्हा या टेलरने लेथ आणि ड्रिलच्या आधारावर सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे जे पहिले उड्डाण झाले ते बारा सेकंदांचे आणि एकशेवीस फुटांचे होते. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण एकोणसाठ सेकंद टिकले. “बारा सेकंद,” तात्या म्हणत, “म्हणजे आमच्या खात्याच्या दारापासून साच्यापर्यंत जायला लागतो तेवढा वेळ. पण त्याचा फोटो आहे. पाहणारे पाच जण आहेत. घड्याळ लावलेलं आहे.” हे शेवटचे वाक्य ते मुद्दाम आमच्याकडे पाहून म्हणत, आणि आम्ही चहा मागवीत असू.

कारण आमची चूक तेथेच होती.

शिवकर बापूजी तळपदे हे नाव गिरगावात वाढलेल्या माणसास लहानपणीच ऐकू येते. १८६४ साली जन्मलेले हे पाठारे प्रभू गृहस्थ. चिराबाजारकडे त्यांची वस्ती, सर ज. जी. कलाशाळेशी त्यांचा संबंध, वेदविद्येची ओढ आणि आर्यसमाजाचे वळण. प्राचीन विमानकलेवर त्यांनी मराठीत पुस्तिका लिहिली, हे खरे. पहिले महायुद्ध चालू असता ते वारले. आता कथा अशी की, १८९५ साली या तळपद्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विनाचालक विमान गिरगाव चौपाटीवर उडविले. ते पंधराशे फूट वर जाऊन खाली आले. ते पाऱ्याच्या शक्तीवर चालत असे. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज गायकवाड तेथे हजर होते. केसरीत त्याचा वृत्तांत आला. पुढे पैशाअभावी आणि सरकारच्या भीतीने काम बंद पडले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर सामान एका विलायती कंपनीस विकले गेले.

ही कथा आम्ही वर्गात सांगत आलो. इतकेच नव्हे, ऐन उमेदीत आम्ही एका वृत्तपत्राच्या पुरवणीत तिच्यावर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होते: ‘केसरीने या उड्डाणाचे सविस्तर वर्णन केले आहे.’ केसरीचा तो अंक आम्ही पाहिला नव्हता. ज्या लेखावरून आम्ही ते घेतले, त्या लेखकानेही पाहिला नसावा. तात्यांनी आमचा लेख वाचून, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “मास्तर, अंक कुठला?”

आम्ही म्हणालो, शोधून सांगतो. असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत राहिलो.

तात्यांस तळपद्यांविषयी तिरस्कार होता असे मात्र कोणी समजू नये. उलट त्यांच्या इतके प्रेम आमच्याही ठिकाणी नव्हते. लालबागला १८७७ साली जोसेफ लिन नावाचा बलूनवाला आकाशात गेला, ही हकीकत आपल्या वस्तीची म्हणून ते अभिमानाने सांगत. मग चौपाटीवरून विमान उडाले असते तर त्यांस आनंदच झाला असता. ते म्हणत, १८९५ साली विनाचालक यंत्र उडणे ही काही चमत्काराची गोष्ट नव्हे. आणि हे बरोबर आहे. इंग्लंडात स्ट्रिंगफेलोने १८४८ सालीच वाफेच्या छोट्या इंजिनावर नमुना चालवून पाहिला होता. अमेरिकेत प्रोफेसर लँग्लीचे वाफेवर चालणारे विनाचालक यंत्र ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर तीन हजार फुटांहून अधिक अंतर उडाले. ही तारीख १८९५ च्या किती जवळ आहे पाहा! पण लँग्लीच्या यंत्राजवळ त्या दिवशी टेलिफोनवाला ग्रॅहम बेल कॅमेरा घेऊन उभा होता. यंत्राचे वजन, पंखांची लांबी, बॉयलरचा दाब, सारे लिहून ठेवलेले आहे, आणि यंत्र आजही जपलेले आहे. इकडे आपल्यापाशी काय आहे? एक तारीखही नाही.

येथे आम्ही वकिली करीत असू, की परतंत्र देशातील गोष्ट, कोण नोंद ठेवणार? यावर तात्यांनी एका रविवारी आम्हांस जे उत्तर दिले ते आम्ही विसरू शकलो नाही. ते म्हणाले, “७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात पडद्यावर चालती चित्रं दाखवली, तिकीट एक रुपया. त्याची जाहिरात टाइम्समध्ये आहे. मग वर्षभर आधी चौपाटीवर विमान चढलं तर त्याची एक ओळ नको?” मुंबई त्या काळी काही आडगाव नव्हती. मराठी, गुजराती, इंग्रजी वृत्तपत्रे येथे निघत होती. याच गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला होता. थोड्याच वर्षांत, १९०१ साली, रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाचे दृश्य सावेदादा भाटवडेकरांनी चित्रपटाच्या फितीवर टिपले. ज्या शहरात एका विद्वानाच्या आगमनाचा चित्रपट निघतो, तेथे विमान पाहणारा जमाव मूग गिळून घरी गेला असेल काय? रानडे तेव्हा हायकोर्टाचे न्यायाधीश. रमाबाई रानड्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्धच आहे. त्यात विमानाची गोष्ट आम्हांस आढळली नाही.

पाऱ्याचे प्रकरण तर तात्यांनी फिटरच्या पद्धतीने निकालात काढले. त्यांच्या खोलीवर त्यांनी एक शाईची बाटली पाण्याने भरून आमच्या हाती दिली. मग म्हणाले, “हीच पाऱ्यानं भरली तर साडेतेरा पट जड. उडायला निघालेला माणूस पहिल्यांदा हे बरोबर घेईल का?” पाऱ्यावर चालणारे एक इंजिन पुढे खरोखरच झाले. २० जुलै १९६४ रोजी अमेरिकनांनी अवकाशात ते चालवून पाहिले. पाऱ्याचे कण विजेने भारित करून मागे फेकावयाचे, अशी त्याची रीत. परंतु त्याची ढकल एका कोऱ्या कागदाच्या वजनाइतकीही नव्हती. निर्वात पोकळीत महिनोन्महिने ढकलत राहावयाचे असेल तेव्हा तिचा उपयोग. चौपाटीच्या वाळूवरून एक पतंगही तिने उचलला जाणार नाही.

मग ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचे काय, असे आपण विचाराल. तोही इतिहास सांगण्यासारखा आहे. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ च्या दरम्यान तोंडी सांगितला व दुसऱ्याने लिहून घेतला. १९२३ मध्ये एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने त्याची चित्रे काढली. म्हैसूरच्या जोसियर यांनी १९५० नंतर तो उजेडात आणला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंदा, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी त्याची तपासणी केली. भाषा तपासली, वृत्ते तपासली, आणि चित्रांतील विमाने गणित करून तपासली. निष्कर्ष असा की, ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही, आणि त्यातील एकही विमान उडू शकत नाही. तात्यांनी ती चित्रे भिंग घेऊन पाहिली आणि हसून म्हणाले, “ऋषींच्या काळात आमच्याच खात्यातले गिअर!”

त्याच अभ्यासात एक लहानसा उल्लेख आहे, आणि सबंध विषयात आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो. सुब्बराय शास्त्र्यांच्या आत्मचरित्राचा हवाला देऊन तेथे म्हटले आहे की, मुंबईच्या डॉ. तळपदे यांनी शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखाली नमुने करण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांपैकी एकही उडविण्यात त्यांस यश आले नाही.

हे वाचले त्या दिवशी तात्या बराच वेळ गप्प होते. आम्हांस वाटले, आता ते म्हणतील, झाले, निकाल लागला. ते म्हणाले, “म्हणजे म्हातारपणीसुद्धा तो माणूस करतच होता.” त्या दिवसापासून तळपद्यांचा उल्लेख ते ‘आपला तळपदे’ असा करू लागले. टेलरचाही उल्लेख त्यांनी कधी ‘आपला टेलर’ असा केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आता तुटलेल्या वर्षाकडे येतो. २०१५ साल उजाडले तेच विमाने घेऊन. जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन भारतीय विमानांवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांच्या कथेवर एक हिंदी चित्रपट आला. साहजिकच त्या वर्षी लालबाग-परळ भागातील एका गणेशोत्सव मंडळाने चौपाटीच्या विमानाचा चलद्देखावा करावयाचे ठरविले. मंडळाचे नाव आम्ही सांगत नाही. मुले उत्साही आणि सालस होती. यंत्राचे काम तात्यांकडे आले. पंचाहत्तरीच्या माणसाने तीन आठवडे रात्री जागून मोटार, पुली आणि तार यांची अशी जोडणी केली की, लाकडी विमान वाळूवरून हळूहळू सुटे, एक झोका घेई, आणि पुन्हा अलगद टेके. त्यांनी एकच अट घातली. पाटीवर ‘असे सांगतात’ हे दोन शब्द हवेत. मुलांनी पाटी रंगविली होती: ‘जगातील पहिले विमान, १८९५, उंची १५०० फूट.’

वाद वाढला तेव्हा मुलांनी आम्हांस बोलाविले. मास्तर शिकलेले, शिवाय त्यांचा या विषयावर लेख छापलेला! तो जुना लेख त्यांनी चौकटीत घालून मंडपातच टांगला होता. तात्यांनी सर्वांसमक्ष लेखाकडे बोट केले नाही. त्यांनी फक्त आमच्याकडे पाहिले. आणि आम्ही म्हणालो, “जाऊ द्या हो तात्या, सणाचे दिवस आहेत. दोन शब्दांनी काय होतंय?”

तात्यांनी हात पुसले, मोटारीला तेल कधी घालावयाचे ते एका मुलास समजावून सांगितले आणि ते निघून गेले. दहा दिवस ते विमान उडत होते. लोकांनी रांगा लावून पाहिले. तात्या देखावा पाहण्यास फिरकले नाहीत, आणि पुढच्या रविवारी आमच्याकडेही आले नाहीत. त्यानंतरच्याही नाहीत.

आम्ही शिक्षक. मुलाने उत्तर चुकविले तर क्षमा आहे, पण न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिले तर नाही, असे आम्ही जन्मभर वर्गात सांगितले. वर्षभराने आम्ही त्या वृत्तपत्रास पत्र लिहिले, की आमच्या अमुक लेखातील केसरीसंबंधीचे विधान आम्ही अंक न पाहता केले होते, ते मागे घेतो. पत्र छापून आले नाही. इतक्या वर्षांनी कोणा संपादकास त्याचे महत्त्व वाटणार? पत्राची प्रत घेऊन आम्ही लालबागला गेलो. तात्यांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग आतून एक वही आणली.

आमच्या ‘शोधून सांगतो’ची वाट पाहून ते स्वतःच पुण्यास गेले होते; एकदा नव्हे, चार वेळा. केसरी त्या काळी साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. १८९५ साल मंगळवारीच सुरू झाले आणि मंगळवारीच संपले, म्हणून त्या वर्षात त्रेपन्न मंगळवार येतात. वहीत त्रेपन्न तारखा एकाखाली एक होत्या आणि प्रत्येकीपुढे एक बारीक रेघ. विमानाचा वृत्तांत त्यांस सापडला नव्हता. आजवर दुसऱ्याही कोणी तो अंक पुढे ठेवलेला नाही. “हे मंडपात का सांगितलं नाहीत?” आम्ही विचारले. “पोरांसमोर मास्तरांना खोटं कसं पाडायचं?” ते म्हणाले. आम्हांस वर पाहवेना.

पुढच्या रविवारपासून परिपाठ पुन्हा सुरू झाला. या दिवसांत तात्या फार करून विष्णू माधव घाटगे यांच्याविषयी बोलत. कोल्हापुराकडच्या हसूर गावी १९०८ साली जन्मलेला हा मुलगा जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्ल या महापंडिताच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला आणि परत आला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला होता, तेथे तो लागला. त्याने आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. तशी दीडशेच्या वर विमाने पुढे तयार झाली आणि आपल्या वायुदलातील किती तरी वैमानिक त्याच्यावर हात बसवून गेले. “ह्याचा देखावा कोण करतो?” तात्या विचारीत. खरोखरच कोणी करीत नाही. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आकाशात लढता लढता पडला आणि तिकडेच पुरला गेला. त्याचेही नाव गिरगावात कोणास ठाऊक नाही. ज्यांचे कागद आहेत, त्यांस आपण विसरलो आहोत.

“पत्र छापलं नाही ना,” तात्या एकदा म्हणाले, “मग व्याख्यान द्या. व्याख्यान नाकारता येत नाही.” त्या वर्षी आमची प्रकृती बरी नव्हती. पुढे साथीची दोन वर्षे गेली. आणि मग तात्यांना दिसेनासे झाले. मोतीबिंदू काढला तरी बारीक टाइप वाचता येईना. आम्ही त्यांस वाचून दाखवीत असू, आता प्रस्तावनाही आणि क्रँकशाफ्टही.

ते गेल्यावर त्यांच्या सुनेने ती वही आमच्या हाती दिली. आजचे टिपण करण्यासाठी आम्ही ती पुन्हा उघडली, तेव्हा पूर्वी न दिसलेली गोष्ट दिसली. त्रेपन्न तारखा संपल्यावर पान उलटले की १८९६ साल सुरू होते. माणसे वर्ष विसरतात, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, असे धरून तात्यांनी ‘आपल्या तळपद्यां’साठी पुढचे अंकही पाहावयास घेतले होते. ७ जानेवारीपासून रेघा आहेत. शेवटची रेघ २४ मार्च १८९६ पुढे आहे, आणि ती जरा वाकडी गेली आहे.

येत्या आठवड्यात आम्ही पुण्यास जाणार आहोत. पाहावयाचा पुढचा अंक ३१ मार्चचा आहे.